तेवढं एक झाड

किड्यांचे फोटो काढणाऱ्या प्राणेश सरांच्या भात्याच्या कॅमेऱ्यात वहीच्या पानाएवढी एकच फिल्म उरली होती. खटकचिंचोळीच्या शिवारात, तुरीवरच्या एका अळीसमोर ते तासभर काळ्या कापडाखाली वाकून होते. अळ्यांनी निम्म्या शेंगा पोखरलेल्या. झाडं हलवून त्या पाडून मारायला शेतमालक मायाप्पा चादर घेऊन ताटकळत होता.

"सर, फोटू काढायलाव का लगीन लावायलाव?"

"या, तुम्हीच बघा."

मायाप्पानं कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर वीतभर दिसणारी अळी, उलटी, शेंगेत तोंड खुपसून खात होती.

"आमच्या नातवावानी जेवायलीय की," तो हळूच म्हणाला.

फोटो झाला. मायाप्पानं शेतभर झाडं हलवली आणि फोटोतल्या अळीच्या झाडापाशी येऊन थांबला.

"हे तुमी हलवा, सर."

सरांना नेमकं तेव्हाच कॅमेरा पुसायचं आठवलं.