परक्याचं गाणं

पापांचा डावा हात तेवढा उरला होता. उजवी बाजू आणि वाचा मार्चमधल्या एका सकाळी गेली, अंगणातल्या नळाशी, दात घासता घासता. इस्पितळातून त्यांना घरी आणलं तेव्हा मला आठवा संपत आला होता. मग लेक झाली, हुनादी, आणि घरात दोन जीव भरवायचे झाले. एकीला अंगावर, एकाला चमच्याने. नवरा रुस्टेनबर्गच्या खाणीवर, महिन्याकाठी दोन दिवस यायचा.

हाताची भाषा मात्र शिकावी लागली नाही. ती रविवारच्या बैठकीत आधीच ठरलेली होती. आमच्या ममेलोडी वस्तीत दर रविवारी दुपारी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात जॅझवाले म्हातारे जमतात. जो तो आपली तबकडी फडक्यात गुंडाळून आणतो. फडकं सोडायचं नाही. आधी वाजवायची, मग बाकीच्यांनी ओळखायचं की वाजवतंय कोण, कुठल्या सालचं, आणि चाल मुळात कुणाची. ज्याच्या काळजाला भिडेल तो उठतो आणि एकटाच नाचतो, स्वतःच्या चकचकीत बुटांकडे बघत. तळवा वर धरला की 'चालू दे'. तळवा पालथा करून खाली दाबला की 'सुई उचल'. हे दुसरं सहसा कुणी करत नाही. अख्ख्या अंगणादेखत माणसाला उठवून लावण्यासारखंच ते. पापांनी माझ्या आठवणीत दोनदा केलं होतं, आणि दोन्ही वेळा आईला, ती होती तेव्हा, त्या त्या घरी केक घेऊन जावं लागलं होतं.

आता त्या दोन खुणांवर आमचं सगळं चालायचं. लापशी हवी, तळवा वर. खिडकी नको, तळवा खाली. पापांच्या हातात त्यांचं हो आणि त्यांचं नाही, एवढीच इस्टेट शिल्लक होती, आणि ती कुणी हिसकावू नये म्हणून मी फार जपत असे. डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांना न विचारता सुई टोचली तर मी भांडले होते.

बैठकीला जाणं बंद झालं, पण फोनवर त्या एकतीस म्हाताऱ्यांचा गट होता, 'रविवारची सुई' नावाचा. दर शुक्रवारी एकाने एक अल्बम सुचवायचा, का ऐकावा ते लिहायचं, मग बाकीच्यांनी आवाजात उत्तरं पाठवायची. मे महिन्यात चिटणीस न्ताते रेजिनाल्ड यांनी (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही न्ताते म्हणतो) मला हळूच विचारलं, एफ्राइमची पाळी पुढच्याला देऊ का. मी नाही म्हटलं. म्हटलं, पापा सांगतील, मी लिहीन.

पापा सांगू शकत नव्हते. पण प्रत्येक तबकडीबरोबर त्यांनी पुठ्ठ्याचं एक कार्ड ठेवलेलं असायचं, बारीक अक्षरात. कुठे घेतली, कुणाबरोबर ऐकली, कुठल्या जागी श्वास धरावा. मी कार्ड उतरवून काढायची, त्यांना वाचून दाखवायची, तळवा वर झाला की पाठवून द्यायची. मी खोटेपणा करतेय असं कधी वाटलं नाही. शब्द त्यांचे होते, बोट फक्त माझं. उत्तरं आली की फोन त्यांच्या कानाशी धरायची. म्हातारे खोकत, हसत, एकमेकांना खोडून काढत बोलायचे. न्ताते रेजिनाल्ड एकदा म्हणाले, "एफ्राइम, आजारपण तुला मानवलं बघ. धडधाकट होतास तेव्हा चार ओळींवर जायचा नाहीस, आता आठ लिहितोस." पापांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. त्या हसण्यासाठी मी आठाच्या दहा ओळी केल्या असत्या.

आणि तशाच केल्या. पुढेपुढे कार्डात एखादं वाक्य मी माझं घालू लागले.

जुलैत चिटणिसांनी विषय दिला, परक्याची गाणी. दुसऱ्याची चाल कुणी कशी वाजवली, महिनाभर एवढंच. पापांची पाळी तिसऱ्या शुक्रवारी होती. त्या दिवशी क्लिनिकची गाडी त्यांना व्यायामाला घेऊन गेली होती आणि हुनादी पोटदुखीने रडत होती. तिला खांद्यावर घेऊन मी एकेक खोकं उपसत होते. सगळ्यात खालच्या खोक्यात एक तबकडी उलटी ठेवलेली दिसली, पाकिटाचा कणा भिंतीकडे करून. 'मोरेतेले फाइव्ह' नावाच्या बँडची, एकोणनव्वद सालची. तिला कार्डच नव्हतं. लावून बघितली. दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं, 'सेलिनाचा दिवा'. ट्रम्पेट असं हलकं येत होतं, जणू कुणी झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतंय. हुनादी रडायची थांबली आणि झोपली. तबकडीवरच्या कागदावर चालकर्त्याच्या जागी 'पारंपरिक' असं छापलेलं होतं.

गाडी परत यायला अर्धा तास होता, आणि लेक जागी झाली की माझे हात अडकणार होते. त्यामुळे त्या दिवशी पापांना न विचारताच लिहिलं. त्यांच्या ढंगात लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य माझं. 'परक्याचं गाणं किती सांभाळून न्यावं ते या माणसांकडून शिकावं.'

नेहमी पाठोपाठ आवाज यायचे. त्या दिवशी तासभर गट गप्प होता. मग एक आवाज आला, जो त्या गटात मी कधीच ऐकला नव्हता. झकारिया मंगुनी, हमान्सक्रालचे. एवढंच म्हणाले, "एफ्राइम, वाचलं. रविवारी येतो."

पापा आल्यावर मी तो आवाज त्यांना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. व्यायामाने दमले असतील, असं मला वाटलं.

रविवारी दुपारी न्ताते झकारिया आले. तपकिरी सूट, दोन रंगांचे बूट, काखेत फडक्यात गुंडाळलेली तबकडी. दारातच टोपी काढली. मी आल्याचं सरबत आणि स्कोन ठेवले, त्यांनी हात लावला नाही. पापांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसले आणि बोलू लागले. मी तिथे आहे की नाही याची त्यांना पर्वा नव्हती.

तेव्हा मला कळलं. 'सेलिनाचा दिवा' माझ्या काकाचं, होसियाचं होतं. होसियाकाका मला भिंतीवरच्या फोटोपुरता माहीत, ट्रम्पेट मांडीवर घेतलेला, चोविसाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेलेला. ती चाल त्याने कोळशाच्या वखारीत बसून बांधली आणि झकारियाला शिकवली, कारण झकारिया मित्र होता. तीन वर्षांनी, होसियाकाका गेल्यावर, झकारियाच्या 'मोरेतेले फाइव्ह'ला रेकॉर्डिंगच्या खोलीत तिथल्या माणसाने विचारलं, चाल कुणाची.

"मेलेल्या माणसाची सही कुठून आणणार होतो, एफ्राइम?" न्ताते झकारिया म्हणाले. "तो रेकॉर्डिंगवाला म्हणाला, कागद नसेल तर गाणं गाळतो. मी म्हटलं, पारंपरिक लिहा. म्हटलं, निदान वाजेल तरी." मग म्हणाले, "पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही, हे तू मला रस्त्यात सुनावलंस, तेव्हापासून तीस वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. बरोबरच होतं तुझं. आणि परवा तू लिहिलंस, सांभाळून नेलं म्हणून. मी बायकोला वाचायला लावलं, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना."

त्यांनी फडकं सोडलं. तबकडीवरचं ते छापील 'पारंपरिक' काळ्या शाईने खोडून वर हाताने लिहिलं होतं, होसिया मासेमोला. तबकडी लावली, सुई टेकवली आणि आमच्याकडे पाठ करून, डोकं खाली घालून, हळूहळू पाय टाकू लागले.

पापांचा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला. तळवा पालथा झाला आणि खाली दाबला गेला. मी बघितलं. पापांनीही मी बघितलेलं बघितलं. त्यांनी पुन्हा दाबला, जोराने.

सुई माझ्यापासून दोन पावलांवर होती.

न्ताते झकारियांचे खांदे हलत होते. नाचाने नव्हे. पंच्याहत्तरीचा माणूस, दोन टॅक्सी बदलून आलेला, माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून. सुई उचलली असती तर का उचलली ते सांगावं लागलं असतं. मी दोन पावलं गेले, पण सुईकडे नाही. हुनादीला पापांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचा तो हात उचलून तिच्या मानेखाली घातला.

तीन महिन्यांचं लेकरू. हात काढला असता तर मान लटकली असती. पापांनी हात काढला नाही. गाणं संपेपर्यंत तिला तसेच धरून बसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. न्ताते झकारिया वळले ते नेमके तेव्हा. त्यांना दिसलं ते एवढंच, नातीला कवेत घेऊन रडणारा जुना मित्र. त्यांनी पापांच्या कपाळाला कपाळ लावलं. जाताना मला नावाने हाक मारून म्हणाले, "मोखादी, आता मी मरायला मोकळा झालो."

त्या संध्याकाळी मी पापांसमोर खाली बसले. म्हटलं, मी लिहिलं होतं ते, मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, हवं तर आत्ता फोन करून सांगते. त्यांनी हाताची मूठ केली. दुसऱ्या दिवशी लापशीचा वाडगा पुढे धरला तरी मूठ. खिडकी उघडू का, मूठ. गटातले आवाज ऐकवले, मूठ. मी बोटं सोडवू पाहिली, पण त्या एका हातात अजून खूप ताकद होती. चमचा तोंडाशी नेला की तोंड उघडायचे, तेही निमूटपणे, जसं इस्पितळात कुणा परक्या नर्सपुढे उघडायचे. गुरुवारी सकाळी दुसरा झटका आला, आणि गाडी यायच्या आत संपलं.

शुक्रवारी अंगणात मांडव घालत होते. बायका कोबी चिरत होत्या, बीट सोलत होत्या. न्ताते झकारिया सकाळीच आले होते, खुर्च्या उतरवून घेत होते, आल्यागेल्याला सांगत होते की एफ्राइमने जाण्यापूर्वी सगळं मिटवलं. उद्या शवपेटी उचलण्यापूर्वी मित्रांनी एकेक तबकडी वाजवायची होती. न्ताते रेजिनाल्डना त्यांनी सांगून ठेवलं, शेवटची माझी.

मी त्यांना घरामागे, पाण्याच्या टाकीशी घेऊन गेले. हुनादी पाठीला बांधलेली होती. सगळं सांगितलं. कार्डं, माझं वाक्य, न विचारता पाठवलेला मजकूर. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि त्या दिवशी? त्याने काही केलं?"

"हात खाली केला," मी म्हटलं. "दोनदा. तुमची पाठ होती."

"मग सुई का नाही उचललीस?"

मी पाठीवरच्या हुनादीची गाठ घट्ट केली. ते टाकीला टेकून उभे राहिले. अंगावर ओरडतील असं वाटलं होतं, पण ते इतकंच म्हणाले, "तू चांगलं लिहितेस, पोरी." आणि मांडवातून कुणाशी न बोलता निघून गेले.

शनिवारी थंडीत पेटी अंगणात आणली. एकेकाने तबकडी लावली, एकेकजण उठून नाचला. न्ताते रेजिनाल्ड तर बुटांची नाडी सुटेपर्यंत नाचले, आणि कुणी तरी म्हणालं, एफ्राइम असता तर म्हणाला असता, याला बसवा रे आधी. हसताहसता सगळे रडले. शेवटची पाळी आली तेव्हा चिटणीस गर्दीत न्ताते झकारियांना शोधू लागले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी काही न विचारता सुई बाजूला ठेवली.

न्ताते झकारिया फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होते. तोच तपकिरी सूट. काखेत काही नव्हतं. मी बाहेर गेले. म्हटलं, आत या, थंडी आहे. ते आले नाहीत.

"एक सांग," ते म्हणाले. "खरं सांग. इतक्या वर्षांत त्या घरात कधी माझं नाव निघालं? शिवी देऊन का होईना?"

एक वाक्य पुरलं असतं. पापांच्या ढंगात कसं बोलायचं ते माझ्याइतकं कुणाला येत नव्हतं, आणि आता हात खाली करायलाही कुणी नव्हतं. समोरचा माणूस माझ्या ओठांकडे बघत होता.

"नाही, न्ताते," मी म्हटलं. "कधीच नाही."

त्यांनी मान डोलावली, दोनतीनदा, एखादा हिशेब पटल्यासारखी. पाठीवर हुनादी कुरकुरली तर तिच्या पायातला निसटलेला मोजा त्यांनी नीट वर ओढला.

पेटी गाडीत चढली. माणसं बसमध्ये बसली. ते सगळ्यांत शेवटी चढले, दाराजवळच्या जागेवर बसले, टोपी मांडीवर घेऊन, आणि शेजारच्याने कुठले तुम्ही, नात्यातले का, असं विचारलं तेव्हा ते काहीतरी म्हणाले. काच बंद होती. मला ऐकू आलं नाही.