मॅडमच्या मुठीतली शाई

मी एक जुनी शाई आहे, पण मित्रांनो, लगेच दौत आणि टाक शोधू नका. माझ्याने कागदावर रेघसुद्धा उमटायची नाही. मी कातडी छापायची शाई. माझा जन्म डुकराच्या कातडीतला. माणसांनी मला इतकं धुतलं, इतकं धुतलं, की डुकराची एकूण एक पेशी निघून गेली आणि नुसती जाळी उरली. ती वाळवली, दळली, औषधात विरघळवली. आता या जाळीत ज्याच्या पेशी मिसळाल, त्याच्यासाठी कातडी छापायची. एवढी धुलाई झाल्यावर कुणावर विश्वास राहील? माझा तर कुणावरच नाही.

दोन वर्षं मी कातडी छापणाऱ्या मॅडमच्या प्रयोगशाळेत, फ्रीजमधल्या एका नळीत काढली; शेजारच्या नळ्यांत माझ्या दोन बहिणी. गारठ्यात मी पातळ असते. अंगाची ऊब लागली की गोठते, आणि गोठले की संपलं, पुन्हा पातळ होत नाही. म्हणून दार उघडलं की मी आधी हात बघायची.

एक बेकरीवाला होता. भट्टीत त्याचा हात भाजला, आणि मनगटावरची जखम चार महिने भरेना. पीठ मळणं बंद. मॅडमनी त्याच्याच चांगल्या कातडीतल्या पेशी घेऊन सहा आठवडे वाढवल्या. तो मला बघायला आला, तर माझ्याकडे चोराकडे बघावं तसा बघत होता. डुकराचं आहे म्हणता, मग मी चिखलात लोळायला लागलो तर, असं त्याने विचारलं.

"घरी काय वेगळं करता?" त्याची बायको म्हणाली.

मला ती बाई तिथेच आवडली.

पण माझ्या दोन बहिणी नळीतच गोठल्या. छापायच्या मशीनने कितीही दाबलं तरी सुईतून थेंब येईना. उरले मी एकटी, आणि तयार पेशी काही नव्या शाईसाठी थांबणार नव्हत्या. मॅडमना संशय सफाईवाल्या मावशींचा. लादी पुसताना फ्रीजचा प्लग काढत असणार म्हणे. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. फ्रीजला कुलूप लागलं, किल्ली मॅडमच्या गळ्यात गेली, आणि मी निवांत झाले.

छापायच्या दिवशी मॅडमनी मला बाहेर काढलं, बुडबुडे आहेत का ते उजेडात धरून पाहिलं. मग बेकरीवाल्याच्या बायकोला धीर देत उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मुठीत, चिमणीचं पिल्लू धरावं तशी. कडेकडेने मी दाटायला लागले. ओरडायला मला तोंड कुठलं?

मावशी दारात लादी पुसत होत्या. त्या फडकं पिळत म्हणाल्या, "मॅडम, किल्ली तुमच्या गळ्यात आणि शाई तुमच्या मुठीत. आता माझ्यावर कसं ढकलणार?"

मॅडमनी मूठ उघडली. माझ्या दोन्ही बहिणींनाही तपासताना त्यांनी असंच मुठीत धरलं होतं, ते त्यांना आत्ता उमगलं. बर्फाचा डबाही मावशींनीच पुढे केला. माझा मधला भाग अजून पातळ होता, म्हणून मी वाचले. मॅडमनी गळ्यातली किल्ली काढून मावशींच्या हातावर ठेवली, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आता मी बेकरीवाल्याच्या मनगटावर आहे. त्याच्या पेशी मला रोज थोडं थोडं खातात आणि माझ्या जागी स्वतःचं घर बांधतात. म्हणून तिथे खाज सुटते. तो हळूच पट्टीखाली बोट घालायला जातो, आणि बायको त्या बोटावर चमचा हाणते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाची जखम भरत असेल तर तिला कौतुकाने चिवडू नका. ज्याला जपायचं, त्याला काय सोसत नाही तेवढं आधी विचारा. मी अजून वीसेक दिवस पुरेन. तोवर त्या बोटावर माझं बारीक लक्ष आहे.