रत्नाबाईंच्या ओठांमागून

मी बोलतोय. कोळवणच्या रत्नाबाईंच्या तोंडातला सगळ्यात देखणा ऐवज! वरच्या ओळीत, अगदी समोर, चार दातांचा थाट. ना कीड, ना डाग, ना हलणं-डुलणं. आता खोटं कशाला बोलू, मी दातच नाही. मला मुळंच नाहीत. डॉक्टर लोक मला ब्रिज म्हणतात. माझे कडेचे दोन रत्नाबाईंच्या खऱ्या दातांवर टोपीसारखे बसलेत आणि मधले दोन त्यांच्या जिवावर लटकलेत. म्हणजे मी एक का चार, याचाच मला अजून पत्ता लागलेला नाही.

माझा जन्म पुण्यातला, दात बनवायच्या लॅबमधला. पण जन्माचं कारण कोळवणातलं, आणि त्या कारणाचं नाव भिकू. हे रत्नाबाईंचे मालक. वय सत्तरीला टेकलं तरी अंगातला वांडपणा जात नाही. ज्याला यांनी फसवलं नाही असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही.

लेकीचा, म्हणजे गौतमीचा, पहिला दिवाळसण होता. जावई स्वानंद लातूरकडचा, कॉम्प्युटरवर काम करणारा, गरीब स्वभावाचा. भिकूने गुपचूप एक करंजी केली. आत सारणाच्या जागी अख्खी सुपारी! ओळखू यावी म्हणून मुरड मुद्दाम वेडीवाकडी घातली. करंजी जावयाच्या ताटात ठेवली आणि हा बाबा दाराआड हसू दाबत उभा.

रत्नाबाईंनी ताट बघितलं. अशी वाकडी करंजी, अन् जावयाच्या ताटात? त्यांनी ती उचलली, तिथं चांगली ठेवली. मग घरोघरच्या बाया करतात तेच केलं. बिघडलेली आपण खाल्ली.

कडाक्! समोरचा एक दात तिथंच हातात आला. दुसरा अर्धा तुटला, तो पुढं काढावा लागला.

महिना-दोन महिने गेले, हिरडी भरली, तसा भिकू बायकोला घेऊन एसटीने भूगावच्या दवाखान्यात आला. डॉक्टरीणबाईंनी शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक केले. गेलेल्यांसाठी असलेल्यांना का घासायचं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मग त्यांनी रंगांची पट्टी तोंडाशी धरली.

"मावशी, कुठला रंग करायचा?"

"माज्या दातागत करा. मिसरीचा रंग असंल तर बगा."

"छ्या!" भिकू मधेच. "टूबलाइटगत करा, डॉक्टरीणबाई. लाइट गेली की हिला नुसतं हसायला सांगीन, घर उजाडंल!"

डॉक्टरीणबाई हसल्या. रत्नाबाईंनी तोंडाला पदर लावला. रंगाचं म्हणाल तर मी मधलाच झालो, ना मिसरीचा ना टूबलाइटचा.

"पण दात पडले कसे?" असं बाईंनी विचारायचा अवकाश, भिकूने उभं राहून सगळी करंजी करून दाखवली. मुरड, दार, कडाक् आणि बायकोचं तोंडसुद्धा. बाहेर गाल धरून बसलेले पेशंट हसता हसता विव्हळायला लागले.

पुढच्या खेपेला सिमेंट लावून मला बसवलं. डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला. "हसा बघू, मावशी."

रत्नाबाईंनी मला नीट न्याहाळलं, मान हलवली आणि ओठ मिटून घेतले.

मला वाटलं, लाजल्या असतील. पण घरी आलो तरी तेच. भाकरी मागच्या दाढेने, बोलणं पदराआडून. पंचेचाळीस वर्षं या माणसाने खोडी काढली की आधी बायकोकडे बघायचं, ती हसली का ते. गाव नंतर. आणि आता तीच हसत नाही म्हटल्यावर म्हातारा पिसाळला. एका रविवारी लेक-जावई आले होते, तर याने स्वानंदचा हेडफोन म्हशीच्या शिंगांत अडकवला आणि तिला म्हणतो, "मॅडम, तुमी म्यूटवर हायसा!" स्वानंद पोट धरून खाली बसला. मी आतून ओठ थरथरलेला ओळखला, म्हटलं आता उघडणार! तोवर गंमत बघायला बोलावलेल्या शेजारच्या फार्महाऊसवाल्यांकडे वळून भिकू म्हणाला, "ह्ये तर कायच न्हाई. हिचं दात कसं पडलं, सांगितलं का तुमास्नी?"

ओठ गच्च मिटले.

मी पार गोंधळलो. माझा रंग चुकला का? बसायला वाकडा आहे का? चावायला लावत नाहीत, दाखवायला काढत नाहीत, मग मला आणलं तरी कशाला? वाचणाऱ्यांनो, तुम्हाला माणसांचं काही कळत असेल तर या ब्रिजाला एवढं समजावून सांगा. मी चार दातांचा असूनही मला कळलं नाही, आणि भिकूला तर सत्तर वर्षांत कळलेलं नाही.

काल दुपारी रत्नाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. भिकू समोर येऊन बसला. आज त्याने काही लपवून आणलं नव्हतं.

"अगं, जुन्यापरास झ्याक दात बशिवलं तुला. आता काय अडलंय? ते म्यूट झालेलं हसू उघड की एकदा. तुज्याबिगर कुणाला हसवू मी?"

रत्नाबाईंनी सूप खाली ठेवलं. तोंडावरचा पदर काढला. भिकूसमोर असा मी पहिल्यांदाच उघड्यावर आलो.

"एश्टीच्या थांब्यावर सांगितलंत, दवाखान्यात सांगितलंत, फारमवाल्यांस्नी बोलवून सांगितलंत, बायकूचं दात कसं पडलं म्हून. समदी हसली. सा म्हैनं झालं. मला येकदा तरी इचारलंत का वो, तवा दुखलं का म्हून?"