जुराचा दुसरा हाफ

हाफटाइमची शिट्टी झाली आणि कोंडीरामनं माइक उचलला. तिथंच अजिमच्या डोक्यात तिडीक गेली.

कोंडीराम म्हणजे पंचक्रोशीतला निवेदक. लग्न असो, वास्तुशांत असो, बैलगाडा असो, आवाज याचाच. आता फुटबॉल. चाकणच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, म्हणून फायनलही गुरुवारी. गाव लोटलं होतं.

"कोणीही जागा सोडायची नाही," कोंडीराम म्हणाला. "युवकांचे आशास्थान, आपले लाडके ज्योतीअण्णा यांच्या शुभहस्ते परदेशी पाहुण्यांचा सत्कार होतोय. थेट ब्राझील, मंडळी. टाळ्या कमी पडताहेत."

परदेशी पाहुणा म्हणजे जुरा. खरं नाव जुरांदिर, पण ते कोणाच्या तोंडात बसत नव्हतं. अजिमच्या संघाचा मिडफिल्डर. वय सदतीस. ज्योतीअण्णा म्हणजे चषक भरवणारे. जमीन कंपन्यांना गेली, राहिलेल्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, आणि आता अण्णांना निवडणूक लढवायची होती. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर अण्णा बैलाएवढे आणि जुरा त्यांच्या खांद्यापाशी, पासपोर्टच्या फोटोएवढा.

अजिमनं टचलाइनच्या पलीकडं बघितलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर गोव्याचे नाईक सर बसले होते. मांडीवर बॅग, डोक्यावर टोपी. एका क्लबचे कोच. अजिमनं महिनाभर फोन करून करून त्यांना इथं आणलं होतं, जुराला बघायला. सकाळी आल्या आल्याच त्यांनी स्पष्ट सांगितलेलं.

"हे बघ, पहिला हाफ सगळेच पळतात. सदतीस वर्षांचा माणूस घ्यायचा तर मला त्याचा दुसरा हाफ बघायचाय. तो टिकला तर एक सीझन देतो. नाही टिकला तर मला फोन करू नको."

म्हणजे सगळं काय ते दुसऱ्या हाफवर. आणि दुसऱ्या हाफच्या आधी हे अण्णा शाल घेऊन उभे.

"अण्णा," अजिम स्टेजजवळ जाऊन म्हणाला, "सत्कार मॅच झाल्यावर करू की. अंग गार पडतं ओ खेळणाऱ्याचं."

"दोन मिनिटं लागत्यात रं," अण्णा म्हणाले. "प्रमुख पाहुणं मोशीपर्यंत आल्यात. ते आले की शाल, श्रीफळ, फेटा, मोकळं."

"आणि ते नाही आले तर?"

"येत्यात म्हनलं ना. लई घाई हाय तुला."

मोशीपासून इथवरचा रस्ता ज्यानं बघितलाय त्याला माहितीये, मोशीपर्यंत आलेला माणूस कधी पोचेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पण जुराला खुर्ची दिली. फेटेवाला आला. भगवा फेटा, मागं शेमला सोडलेला. घामानं भिजलेल्या डोक्यावर त्यानं तो घट्ट आवळला, कोणीतरी हातात नारळ टेकवला, पोरांनी मोबाइल वर केले, आणि जुरा हसला.

त्या हसण्याचा अजिमला सगळ्यात जास्त राग यायचा.

कारण हे हसू त्यानं जुराच्या मोबाइलमध्ये बघितलं होतं. प्रत्येक देशात एक. साखर कारखान्याच्या गावातला पोरगा, सोळाव्या वर्षी क्लबनं उचलला, तो फोटो. पोर्तुगालला नेला, तिथं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चार सीझन, गळ्यात मफलर, तो फोटो. सायप्रस. व्हिएतनाम, तिथं टोपी. कोलकात्याला उतरला तर विमानतळावर ढोल. मग पुण्यात एक नवा क्लब निघाला, त्यांनी घोड्यावर बसवलं होतं याला. दोन सीझननी क्लब गुंडाळला, मालकानं फोन उचलायचं बंद केलं. जिथं गेला तिथं येताना हार आणि जाताना कुत्र्यानंही नाही विचारलं. मधल्या फळीत खेळणाऱ्याचं असंच असतं म्हणा. गोल मारणारा लक्षात राहतो, गोल खाणारा लक्षात राहतो. सगळ्यांना बॉल पुरवणारा कोण ते कोणाला आठवत नाही.

आता तो सांगवीला एका खोलीत राहत होता आणि वाकडच्या टर्फवर आयटीवाल्यांच्या पोरांना शिकवत होता. आया पलीकडून ओरडायच्या, "कोच, आरवला स्ट्रायकर खेळवा ना." तिथंच मागच्या वर्षी एका गाडीचा स्टार्टर दुरुस्त करायला गेलेल्या अजिमनं त्याला बघितलं आणि संघात ओढून आणलं. तेव्हापासून अजिम त्याच्या शेजारी मिडफिल्डला. दोघांचं बोलणं तोडक्यामोडक्या हिंदीत. पण मैदानावर जुरा त्याच्याच भाषेत ओरडायचा आणि अजिमही तसंच ओरडायला शिकला. वळ, परत दे, मागून माणूस आला, शांत. असे सात-आठ शब्द. गावात मात्र बोभाटा झाला, अजिमला ब्राझीलची भाषा येते. अजिमनंही कधी नाही म्हटलं नाही. बरं वाटायचं त्याला.

पाहुणे काही येईनात. कोंडीराम अण्णांच्या कामांची यादी वाचून दाखवत होता, दुसऱ्यांदा. समोरचा संघ मोशीचा, तो सावलीत आडवा पडलेला. जुरा खुर्चीत बसून हळूच उजवी मांडी चोळत होता. नाईक सरांनी एकदा घड्याळ बघितलं.

ते जुरानं बघितलं.

तो उठला. स्टेजवरून खाली उतरला. फेटा तसाच अलगद उचलून काढला आणि टचलाइनवर ठेवला. मग हातातला नारळ घेतला, वीसेक पावलं मोजली आणि तिकडं ठेवला. आणि पळायला लागला. फेट्यापासून नारळापर्यंत, वळून परत फेट्यापर्यंत. प्रत्येक सरावाला प्लास्टिकचे शंकू ठेवून पळायचे तसंच, फक्त आज शंकू नव्हते. याच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. खाली ठेवायला दोन वस्तू हव्या होत्या, त्या हातात होत्या.

आधी पोरं हसली. मग कोणीतरी मागून म्हणालं, "फेटा मातीत ठेवला राव." मग दुसरा म्हणाला, "ठेवला नाही, टाकला." तिसऱ्यापर्यंत गेलं तेव्हा जुरानं फेट्याला लाथ मारली होती.

अण्णांची माणसं मैदानात घुसली. एकानं फेटा उचलून छातीशी धरला, जसं काही पोरगं वाचवलं. संघाचा गोलकीपर आणि कॅप्टन नवनाथ मध्ये पडला. तो कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर असतो, अंगानं दांडगा.

"भावा, त्याला काय माहिती आपलं," नवनाथ म्हणत होता. "व्यायाम करत होता तो."

"व्यायामाला आमचा फेटा?"

अण्णा स्वतः खाली आले. चिडलेले नव्हते. चारी बाजूंना मोबाइल होते आणि अण्णांना मोबाइल कळत होते.

"हे बघा, पोरगं परक्या मुलखातलं हाय," ते म्हणाले. "आपल्याला वाढवायचं न्हाई. माइकवर माफी मागू दे. आन् त्याच्याच भाषेत मागू दे, ब्राझीलच्या. लोकांना भारी वाटतं. अजिम हायच मराठीत सांगायला. माफी झाली की लगीच दुसरा हाफ."

"अण्णा, सॉरी म्हणेल तो, इंग्लिशमध्ये," अजिम म्हणाला.

"त्याच्याच भाषेत. तुला येती ना?"

सगळे अजिमकडं बघत होते. नाही म्हणायची हीच वेळ होती. अजिम म्हणाला, "येते."

जुरानं माइक घेतला. केस चिकटलेले, कपाळावर फेट्याचा वळ. आणि तो बोलायला लागला. खालच्या आवाजात सुरू झाला, मग आवाज चढला, घशातून खरखर यायला लागली. हात छातीवर मारत होता, मैदानाकडं दाखवत होता, नाईक सरांकडं दाखवत होता. डोळ्यांत पाणी. अजिमला एक अक्षर कळलं नाही. मैदानावरचा एकही शब्द त्यात नव्हता. पण त्याला वाटलं, मला कळतंय. वीस वर्षांचं साचलेलं बाहेर पडतंय. शेवटी भडकला हा माणूस. भडक, भावा.

जुरा थांबला. माइक अजिमच्या हातात आला.

"तो म्हणतोय," अजिम म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, "तो म्हणतोय, मी इथं फुटबॉल खेळायला आलो. तुमच्या फ्लेक्सवर चिकटायला नाही आलो."

कोणीतरी शिट्टी मारली.

"तो म्हणतोय, फेट्याचा एवढा मान आहे तर ज्या डोक्यावर तो बांधला त्या डोक्याचा कुठंय? गरम अंगानं खेळणाऱ्या माणसाला तुम्ही खुर्चीत बसवून गार केलं. कशासाठी, तर साहेबांना फोटो पाहिजे. तो म्हणतोय, तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं? वर्षभर या ग्राउंडवर तुमच्या गोदामाचे ट्रक लागतात. पोरं खेळायला आली की वॉचमन हाकलतो. मुरूम टाकायला तीन वर्षं झाली सांगतोय आम्ही..."

"ब्राझीलच्या माणसाला मुरमाचं कसं काय माहिती?" मागून एक जण म्हणाला, आणि हशा पिकला.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी माइक काढून घेतला, एवढंच म्हणाले, "यांचा संघ बाद. मोशीला कप द्या," आणि स्टेजकडं वळले.

नवनाथनं डोक्यावर हात मारला. अजिम मात्र ताठ उभा होता. बोललो. कोणीतरी बोलायला हवं होतं. त्यानं जुराकडं बघितलं, पाठीवर थाप पडेल म्हणून.

जुरा गोंधळून स्टेजकडं बघत होता. "क्या हुआ? मैच?"

"मैच कैंसल. टेन्शन मत ले, जो तू बोला वो सब मैंने..."

"मैं सॉरी बोला," जुरा म्हणाला. "पगड़ी सॉरी. नारियल सॉरी. सब लोग सॉरी. मैं बोला, वो सर गोवा से आया, मेरे को देखने आया, प्लीज, मैच खेलने दो. मैं हाथ जोड़ के बोला." तो अजिमकडं वळला. "तू क्या बोला, अजिम?"

अजिम एक पाऊल मागं सरला.

"तू क्या बोला?"

अजिम पळत स्टेजकडं गेला. पळताना त्याला अण्णांचा राग येत होता, कोंडीरामचा येत होता, मोशीच्या रस्त्याचा येत होता, आणि त्या सगळ्याच्या खाली जो राग होता त्याच्याकडं तो बघत नव्हता.

"अण्णा, त्यानं माफीच मागितली होती. मी सांगितलं ते माझं होतं. मला त्याची भाषा येत नाही."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "माइकवर सांग."

अजिमनं माइकवर सांगितलं. भाषा येत नाही. खोटं बोललो. जुरानं हात जोडून माफी मागितली होती. अण्णा, चुकलं. कोंडीराम शेजारून कुजबुजला, "जरा मोठ्यानं, मागं ऐकू जात नाही." अजिमनं परत सांगितलं, मोठ्यानं. फेटा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावायला लावला, तोही लावला. पोरं शूटिंग करत होती.

"मन मोठं करावं लागतं," अण्णा माइकवर म्हणाले. "खेळ होऊ द्या. पण ह्यो अजिम खेळणार न्हाई."

राखीव कोणी नव्हतं. दोघांना कंपनीनं ओव्हरटाइमला बोलावलेलं. दहा जण उतरले.

जुरा अजिमच्या समोरून मैदानात गेला.

आणि मग तो खेळला. काय खेळला. मधल्या फळीत दोघांची जागा, आणि तो एकटा. मोशीवाल्याच्या पायातून बॉल काढायचा, मान वर न करता डावीकडं चाळीस फूट द्यायचा, आणि बॉल पोचायच्या आत स्वतः उजवीकडं भोक बुजवायला धावायचा. ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं ती माणसंही खुर्चीतून पुढं सरकली. नाईक सर उभे राहिले. टोपी काढली. अजिम टचलाइनला चिकटून उभा राहिला. बघतायत, बघतायत.

पण एकट्यानं किती झाकणार? शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा जुराच्या मांडीनं साथ सोडली. आधी तो वळताना अडखळला. मग धावायच्या ऐवजी चालायला लागला. मोशीचा एक पोरगा, विशीतला, त्याच्या शेजारून निघून गेला आणि जुरानं हात पुढं केला, जसं काही त्याचा शर्ट धरून थांबवणार होता, पण शर्ट हाताला लागला नाही. गोल झाला. डीजे वाजला.

नाईक सर बॅग उचलत होते.

"सर, थांबा ना. संपलं नाही अजून."

"बघितलं मी. खेळाडू चांगलाय. डोकं तर फार चांगलं. पण दमला."

"मी असतो तर नसता दमला, सर. ती दोघांची जागा आहे. मी शेजारी असलो की त्याला एवढं पळावं लागत नाही."

नाईक सरांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "मग तू का नव्हतास?"

आणि रिक्षा बघायला रस्त्याकडं गेले.

मॅच संपली तेव्हा प्रमुख पाहुणे पोचले. फटाके लागले. जुरा लंगडत टचलाइनपर्यंत आला, सरांच्या रिकाम्या खुर्चीकडं त्यानं बघितलं.

"क्या बोला?"

अजिमनं सांगितलं. खेळाडू चांगला, डोकं चांगलं, दमला. आणि शेवटी त्यांनी काय विचारलं तेही सांगितलं. काही झाकलं नाही.

जुरानं बूट काढून अजिमच्या पायापाशी आपटला, आणि ओरडायला लागला. त्याच्या भाषेत. फटाक्यांच्या, डीजेच्या वरताण, मानेच्या शिरा फुगवून, बोट अजिमच्या छातीत रुतवून. अजिमला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. नवनाथ मागून येऊन विचारत होता, "काय म्हणतोय रे?" अजिम हलला नाही. जुराचं संपेपर्यंत उभा राहिला.