अधोलीतले सहाशे चौतीस

मित्रांनो, मला ओळखलंत का? नाहीच ओळखणार. मी जिच्या घरात असते, त्या रखमाची नात मागे एकदा मुंबईहून आली, तिनं मला उचलून विचारलं, "आज्जी, हा डस्टबिन हाय का गो?" डस्टबिन! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अगं बये, तुझ्या पणजीनं मला महाडच्या बाजारातून डोक्यावर घेऊन आणलं होतं. घाट चढताना एकदाही खाली ठेवलं नव्हतं.

मी अधोली आहे. जुनी, जाड पत्र्याची. महाडच्या एका लोहारानं मला ठोकून गोल केलं, तोंडाला लोखंडी पट्टी मारली, आणि सरकारी माणसानं पोटावर शिक्का उठवला. दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली, हे तुमच्या पुस्तकात आता नाही. पण एके काळी आमच्या कुडपण गावच्या माळावरची नाचणी, वरी, भात, सगळं माझ्या पोटातून कणगीत जायचं. मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. तो शब्द ऐकला की मला गावची पाटलीण झाल्यासारखं वाटायचं.

मग किलो आले. वजनकाटा आला. मी फडताळात गेले. माझ्यात सुतळ्या, मेणबत्तीचे तुकडे आणि संपलेले सेल पडू लागले. जिनं कधी दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तिच्या पोटात संपलेले सेल! वीस वर्षं मी मनातल्या मनात चडफडत होते.

मला तिथून बाहेर काढलं ते ससाण्यांनी.

रखमा दरवर्षी दसऱ्यापासून नाचणी कापून होईपर्यंत माळाच्या कडेला गोफण घेऊन राखणीला बसते. चार वर्षांपूर्वी महाडच्या कॉलेजातल्या प्रियदर्शिनी मॅडम गळ्यात दुर्बीण अडकवून तिथं आल्या. त्यांनी विचारलं, "ताई, या दिवसांत इथून छोटे ससाणे थव्यानं जाताना दिसतात का?"

"दिसत्यात की," रखमा म्हणाली. "दरसाल जात्यात. पाव्हणं हायत ते. पर उतरत नायत, नुसतं जात्यात."

मॅडम तिथंच मांडी घालून बसल्या. त्यांनी सांगितलं, हे पक्षी पार उत्तरेकडून येतात आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. किती जातात, कमी होतायत की वाढतायत, हे कळायला कुणीतरी रोज मोजायला हवं. मॅडमना सुट्टी फक्त रविवारी. "ताई, तुम्ही मोजाल का?"

"माझा विसाच्या फुडं घोळ व्हतो, मॅडम."

त्यावर तोडगा रखमानंच काढला. तिनं मला फडताळातून ओढलं, सेल फेकून दिले, राखेनं घासलं आणि कीड लागू नये म्हणून राखेच्या मडक्यात ठेवलेले कडवे वाल ओटीत घेतले. एक पाखरू गेलं की एक वाल माझ्यात. रविवारी मॅडम आल्या की दोघी मिळून वाल मोजायच्या.

पहिल्या रविवारी रखमा म्हणाली, "लाभ, दोन, तीन..."

"थांबा, थांबा! एक कुठे गेला?"

"एक म्हंजे एकटं. पयल्याला लाभ म्हनायचं."

मॅडम हसल्या आणि त्या दिवसापासून त्याही 'लाभ' म्हणू लागल्या. वीस वर्षांनी तो शब्द कानी पडला आणि मला भरून आलं.

रखमाचं मोजणं कसं होतं सांगू? नजर आभाळात, हात ओटीत. गेलेला पक्षी फिरून मागं आला, तर ती वाल परत काढून घ्यायची. डोळ्याला झापड आली तर उभी राहायची. तीन हंगाम तिनं असे मोजले. आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शहरातल्या ज्या साहेबांकडे मॅडम आकडे पाठवायच्या, त्यांनी काय लिहिलं? 'वालावर केलेली मोजणी आम्ही धरू शकत नाही.' म्हणजे वाल खोटे, आणि यांच्या मोजायच्या यंत्राचं बटण खरं! मी काय म्हणते, बटण दाबायलाही डोळे माणसाचेच लागतात ना?

मॅडमही पेटल्या. त्यांनी साहेबांशी पैज लावली. चौथ्या हंगामात एका गुरुवारी मॅडमनी रजा काढायची आणि दोन ठिकाणी मोजणी करायची. मॅडम आणि त्यांचे सोबती कॅमेरे घेऊन खालच्या डोंगरावर, रखमा आपल्या माळावर. थवे तेच, वाट तीच. दोन आकड्यांत विसाहून कमी फरक निघाला, तर रखमाचे सगळे हंगाम धरायचे. जास्त निघाला, तर सगळे रद्द. मॅडमनी आपला आकडा पाकिटात बंद करायचा आणि रखमानं वाल तसेच ठेवायचे. रविवारी एकत्र मोजायचे.

तो गुरुवार मी विसरणार नाही. सकाळी ऊन तापलं आणि माळावर चतुर उडू लागले. मग आले पाव्हणे. पाच, बारा, मग मोजता मोजता श्वास अडकावा असा थवा. रखमानं भाकरीचं फडकं सोडलंसुद्धा नाही. पाच ससाणे कड्याखालून, झाडीला घासून गेले. तेही तिनं टिपले. संध्याकाळी तिनं माझ्यावर थाळी झाकली आणि मला मांडणीवर ठेवलं. आत सहाशे चौतीस वाल होते. दाणा मोजायचं माझं काम आहे, मित्रांनो. मी चुकत नाही.

त्याच संध्याकाळी तिची जाऊ साळूबाई नाचणीच्या कापणीसाठी मुंबईहून आली. ती वर्षातून एकदा येते. पाखरांचं, पैजेचं तिला काही ठाऊक नव्हतं. "रविवारी मॅडम जेवायला येनार हायत," एवढंच रखमा तिला बोलली आणि शुक्रवारी पहाटेच कापणीला गेली.

साळूबाईनं थाळी उचलली. "अरे वा, वाल तर काढूनच ठेवल्यात! मॅडमसाठी फर्स्ट क्लास बिरडं करते."

अगं नको! अगं बाई, नको! एवढं मोठं तोंड आहे मला, पण त्यातून हाक फुटेना. तिनं सगळे वाल पाण्यात ओतले आणि थाळी पुन्हा माझ्यावर नीट झाकली. शनिवारी भिजलेले वाल फडक्यात बांधून टांगले. रखमानं ते पाहिले, पण तिला वाटलं, राखेच्या मडक्यातलेच असतील. ती माझ्याजवळून दहा वेळा गेली. थाळीला तिनं बोट लावलं नाही, कारण तसा शब्द दिला होता. आणि मी रिकाम्या पोटानं बसले होते! असा जीव कधी जळला नव्हता.

रविवारी मॅडम आल्या आणि रखमानं थाळी उचलली.

"साळू! ह्यातलं वाल कुठं गेलं गो?"

"ते? ते चुलीवर हायत. का?"

रखमानं धावत जाऊन चुलीवरचा टोप उतरवला. साळूबाईला सगळं कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. मॅडमनी टोपात डोकावलं. बिरडं शिजून मऊ झालं होतं, दाण्याची डाळिंबी फुटून एकजीव झाली होती. ते मोजणार कसं?

"साली!" रखमा एकदम ओरडली. "साली कुठं टाकल्यास?"

परसात. आणि परसात कोंबड्या. रखमा धावली, कोंबड्यांना हाकललं, मातीतून एकेक साल सुपात वेचली. मग तिघी ओटीवर बसल्या. लाभ, दोन, तीन... पाचशे एकाहत्तरवर सूप संपलं.

"पन्नासएक तरी कोंबड्यांनी खाल्ल्या असतील," साळूबाई रडवेली होऊन म्हणाली. "लिव की सहाशेच्या वर. कोन बघतंय?"

मॅडमचं पेन वहीवर थांबलं. त्यांनी रखमाकडे पाहिलं.

"कोंबडीच्या पोटातलं मी मोजलं नाय," रखमा म्हणाली. "हायत तितकंच लिवा."

मॅडमनी पाचशे एकाहत्तर लिहिले आणि मग पाकीट फोडलं. आत सहाशे एकोणतीस होते. अठ्ठावन्नांचा फरक.

कड्याखालून गेलेले पाच त्यांच्या कॅमेऱ्याला दिसलेच नव्हते. म्हणजे बघा, रखमाच जास्त बरोबर होती! पण हे कुणाला सांगू? त्या दुपारी तिघींनी खाली मान घालून बिरडं खाल्लं. चांगलं झालंय, असंही कुणी म्हणालं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांचं उत्तर आलं. सगळे हंगाम रद्द.

"चार सालं कोंबडीनं खाल्ली," रखमा म्हणाली आणि तिनं मला फडताळात उपडी ठेवली. मापाला उपडी ठेवण्यासारखा दुसरा अपमान नाही.

यंदाही दसरा झाला. रखमा नुसती गोफण घेऊन माळावर गेली. मॅडम दोनदा येऊन विनवून गेल्या. ती म्हणाली, "माझ्या वालाला कोन इचारतंय?"

मग कापणीला साळूबाई आली. तिनं मला सुलटी केली, बाहेरून लाल गेरू फासला, म्हणजे यापुढे कुणी चुलीजवळ नेऊ नये. ओटीत वाल घेतले आणि मला काखेत मारून ती थेट माळावर आली. रखमा तिच्याकडे बघेना. साळूबाई शेजारी बसली.

उत्तरेकडून एक ठिपका आला. साळूबाईनं वाल उचलून माझ्यात टाकला. टण्ण वाजला.

"एक," ती म्हणाली.

"एक नाय गो!" रखमा खेकसली. "लाभ! लाभ म्हन!"

"बरं, लाभ."

"आनि वर बघ. दुसरा येतोय."

मित्रांनो, दुसऱ्याचं भांडं रिकामं करण्याआधी विचारत जा. आत काय ठेवलंय, ते झाकणावरून कळत नाही. आणि एक काम करा. त्या गुरुवारी कुडपणवरून सहाशे चौतीस ससाणे गेले. कुठल्याच वहीत तो आकडा नाही. तुमच्यापैकी कुणीतरी लिहून ठेवा रे. मला तोंड आहे, हात नाहीत.