डोंगराकडे पाठ

आईनं बर्फाचा डोंगर बघायचा हट्ट धरला तेव्हा चिरंजीवांनी आधी लग्नसराई पुढे केली, मग थंडी पुढे केली आणि शेवटी डॉक्टरांना पुढे केलं. डॉक्टर बिचारे सरळ माणूस निघाले. आईची छाती तपासून ते म्हणाले, "एवढ्या उंचावर एकदाच न्या, हळूहळू न्या, आणि पुन्हा नेऊ नका. झेपणार नाही." म्हणजे चिरंजीवांच्या हातातलं हेही कारण गेलं.

हट्टाला तसंच कारण होतं. चिरंजीवांच्या वडिलांचं फोटोंचं दुकान. मागच्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत एक रंगवलेला पडदा: बर्फाचा मोठा डोंगर, पायथ्याशी तळं, तळ्यात दोन बदकं. बदकं डोंगराच्या मानाने फारच मोठी होती, पण गिऱ्हाइकांची कधी तक्रार आली नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड जुळवावा लागे, आणि त्यासाठी स्टुलावर कुणाला तरी बसावं लागे. "जरा बस गं," अशी हाक आली की आई कणकेचे हात पुसत येऊन बसायची. या घरात एकच कडक नियम होता. कॅमेरा रोखला की समोरच्यानं हलायचं नाही, "झालं" असं ऐकू येईपर्यंत. एकदा आतल्या गॅसवर दूध उतू जाताना सगळ्यांना वास येत होता, तरी आई हलली नव्हती. दूध गेलं, पातेलं करपलं, फोटो मात्र सुरेख आला.

वडील गेले, दुकान चिरंजीवांकडे आलं. पडदा तोच, स्टूल तेच आणि स्टुलावर आईही तीच. पडदा आता जुना झाला होता, त्याच्यावर घड्या पडल्या होत्या. त्या दिसू नयेत म्हणून चिरंजीव मागचं सगळं पुसट ठेवायचे आणि माणूस तेवढा ठसठशीत काढायचे. लोक त्यालाच कला म्हणू लागले, आणि हळूहळू चिरंजीवही म्हणू लागले.

"त्या डोंगराकडे पाठ करून बसण्यात माझा जन्म गेला," आई म्हणाली. "एकदा खऱ्याकडे तोंड करून बसू दे." यावर कोण काय बोलणार? निघाले दोघं.

पण देवाच्या मनात काही वेगळंच होतं. डोंगराजवळच्या गावात पोचले तो ढग. उठावं तर खिडकीबाहेर ढग, झोपावं तर ढग. तळ्यावर गेले तर होडीवाल्यानं वल्हं उचलून समोर दाखवलं, "आजी, इथून डोंगर दिसतो बघा." समोर धुणं वाळत घातल्यासारखं सगळं पांढरं. धबधब्यावर आवाज तेवढा ऐकू आला. दोरावरच्या पाळण्यात बसले तर पाळणा ढगात शिरला आणि ढगातूनच परत आला. आई प्रत्येक ठिकाणी मनापासून "छान आहे" म्हणायची, आणि परत येताना भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला हळूच विचारायची, "उद्या उघडेल का रे बाबा?" ड्रायव्हर चांगला माणूस होता. "उघडेल आजी, कसं नाही उघडणार?" असं तो रोज तितक्याच ठामपणे सांगायचा.

चिरंजीव मात्र खुशीत होते. ढगांमुळे उजेड मऊ पडतो, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडत नाहीत. दुकानाच्या दर्शनी काचेत एक मोठा फोटो लावायचं त्यांच्या मनात होतं, म्हातारा सुरकुतलेला चेहरा, असा की रस्त्यावरच्या माणसानं थांबलंच पाहिजे. चेहरा तर घरचाच होता. तळ्यावर, धबधब्यावर, देवदारांच्या रानात, बाजारातल्या चढावर, जिथे आई दम खायला थांबे तिथे ते कॅमेरा काढायचे. "आई, हनुवटी जरा खाली. डावीकडे. हलू नकोस." आई हलायची नाही. मनासारखा फोटो मात्र एकही येईना.

शेवटच्या दिवशी पहाटे ड्रायव्हरनं दार वाजवलं. "आजी, वर मोकळं होतंय असं वाटतंय. लगेच चला."

आई आधीच तयार होती. स्वेटर, त्यावर शाल, कानांवर लोकरीची टोपी. दुपारी खाली उतरायचं होतं, तेव्हा हीच एक सकाळ. गाडीत ती सारखी काच पुसत राहिली. गाडी थांबली तिथून वर कठड्यापर्यंत पायऱ्या होत्या. ती एकेका पायरीवर थांबत, खाली बघत, ड्रायव्हरचा हात धरून चढली. वर पोचली तेव्हा समोर अजून ढगच होता, पण खालून वर सरकत होता. कठड्याशी बरेच लोक जमले होते, आणि सगळे देवळात बोलावं तसं हळू बोलत होते.

आई कठडा धरून उभी राहिली. तोंड बरोबर समोर होतं.

इतक्यात बाजूनं उजेड आला. कोवळा, पिवळा, आईच्या गालावरची एकेक सुरकुती उचलून दाखवणारा. चिरंजीवांनी तो बघितला मात्र, त्यांचं देहभान हरपलं. इतके दिवस हाच उजेड ते शोधत होते.

"आई, इकडे वळ जरा. तिकडे अजून ढगच आहे, एकच काढतो."

आई वळली. पाठ कठड्याला, तोंड पोराकडे. चिरंजीवांनी कॅमेरा रोखला. "हनुवटी खाली. बास. हलू नकोस."

आणि नेमका तेव्हा आईच्या पाठीमागे डोंगर उघडला.

कठड्यावरच्या सगळ्या लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. कुणी हात जोडले, एक बाई रडायलाच लागली. ड्रायव्हर ओरडला, "आजी! मागे वळा, मागे वळा!"

आई ओठ न हलवता म्हणाली, "थांब रे, फोटो चाललाय."

चिरंजीवांना दिसलं ते एवढंच की आईच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम दुप्पट झाला आहे. तो कुठून आला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. "आई, हलू नकोस! आत्ता हलू नकोस!" ते किंचाळले. खटखट फोटो निघाले. मग त्यांनी कॅमेरा खाली घेऊन त्याच्या पाठच्या स्क्रीनवर फोटो मोठा केला आणि डोळे नीट आलेत का ते तपासलं. मग लेन्स बदलली. नवी लेन्स थंडीनं धुरकटली होती, ती रुमालानं पुसली, पुन्हा पुसली. "झालं" म्हणायचं राहून गेलं.

आई तशीच उभी होती. हनुवटी खाली, डोळे समोर. गार वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही तिनं पुसलं नाही.

ड्रायव्हरनं येऊन चिरंजीवांचं कोपर धरलं. "साहेब, आजींना वळू द्या."

"एक मिनिट हो," चिरंजीव चिडून म्हणाले. कामात व्यत्यय आला की त्यांना राग येई. त्यांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. आईचा चेहरा करडा दिसत होता. "श्श्या, उजेड गेला," ते पुटपुटले, आणि मग मोठ्यानं म्हणाले, "झालं आई."

आई वळली. समोर ढग होता.

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्माला मध्ये आणायचीही गरज नव्हती. जे केलं ते पोटच्या पोरानं केलं, गळ्यात कॅमेरा अडकवून केलं, आणि सगळ्या जगासमोर केलं. कठड्यावरचे लोक एकदा आईकडे आणि एकदा चिरंजीवांकडे बघत होते. चिरंजीवांना तेव्हा कुठे समजलं की काय घडलं. कान तापले. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर ते हसत हसत गेले असते.

"कुठे होता रे?" आईनं ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हरनं बोट दाखवलं. आईनं त्या दिशेला बघितलं, तर त्यानं तिचा हात धरून आणखी वर नेला. "तिथे, आजी."

"एवढा उंच?"

"एवढा."

आई त्या ढगातल्या जागेकडे बघत राहिली. ती रडली असती, रागावली असती, चार शब्द बोलली असती तर चिरंजीवांना सोसलं असतं. ती फक्त बघत होती.

"थांबू आपण," चिरंजीव म्हणाले. "परत उघडेल. थांबू."

थांबले. लोक एकेक करून उतरले. जाताना प्रत्येकजण आईला काहीतरी बोलून गेला. "पुढच्या वेळी नक्की दिसेल, आजी." आई सगळ्यांना "हो हो" म्हणाली. पुढची वेळ नाही हे तिथे दोघांनाच माहीत होतं. चिरंजीव आभाळाकडे बघायचे, ड्रायव्हरकडे बघायचे, आणि ड्रायव्हर दुसरीकडे बघायचा. शेवटी आईच म्हणाली, "चल रे, उशीर होईल. मला गारठाही सोसेना."

गाडीत बसल्यावर तिनं हात पुढे केला. "दाखव की फोटोत. एवढा काढलास तर बघू दे."

चिरंजीवांचा जीव भांड्यात पडला. फोटो तर आहे! त्यांनी घाईनं कॅमेरा उघडला. आईच्या टोपीच्या लोकरीचा धागा न् धागा दिसत होता. पापणीवर अडकलेला थेंब दिसत होता. गालावरचा तीळ, त्यावरचा एक पांढरा केस, सगळं. आणि मागे नुसतं पांढरं सारवल्यासारखं. डोंगर म्हणावा तर डोंगर, भिंत म्हणावी तर भिंत. एकेक फोटो त्यांनी पुढे ढकलून बघितला. सगळ्यांत तेच. आयुष्यभराची सवय, हातानं आपोआप मागचं पुसट करून टाकलं होतं.

आईनं कॅमेरा घेऊन लांब धरला आणि जाणत्या नजरेनं बघितलं. एवढी वर्षं दुकानात काढलेली बाई ती. "डोळे बरोबर धरलेस. तुझ्या बाबांचाच हात." मग तिनं पांढऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा का तो?"

"हो," चिरंजीव म्हणाले.

"बरं आहे. घड्या नाही दिसत," आई म्हणाली आणि स्वतःच हसली. चिरंजीव मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गाडी वळणं घेत उतरू लागली, तसा आईचा फोन वाजला. पलीकडे मावशी, आईची धाकटी बहीण. तिचा आवाज इतका मोठा की फोन कशासाठी लागतो असा प्रश्न पडावा.

"ताई, दिसला का गं डोंगर?"

"दिसला की! अगदी डोळे भरून," आई म्हणाली.

चिरंजीवांनी डोळे मिटून घेतले.

"सांग ना कसा होता? टोक कसं होतं? अगं, सांग की!"

आईनं फोनवर तळवा ठेवला आणि पोराकडे वळून कुजबुजली, "अरे, पटकन सांग ना कसा होता. तुझं तोंड तर तिकडेच होतं."

चिरंजीवांनी आठवून बघितलं. डोंगर समोर होता, आभाळ मोकळं होतं, आजूबाजूची माणसं रडत होती. आठवली ती लोकर, आठवला तो थेंब, तो तीळ. डोंगर कुठेच नव्हता.

"आई, मी नाही बघितला गं," ते म्हणाले. आता निदान एवढं तरी खरं बोलावं म्हणून पुढे म्हणाले, "मी तुझ्याकडेच बघत होतो."

आईचा चेहरा क्षणभर तसाच राहिला. मग तो असा काही उजळला की चिरंजीवांना आपण काय बोललो ते कळलं, आणि ते किती खोटं आहे तेही कळलं. आईकडे नव्हते ते बघत. गालावरच्या उजेडाकडे बघत होते, दुकानाच्या काचेकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, पण आईनं फोनवरचा हात कधीच काढला होता.

"ऐकलंस का गं?" ती मावशीला सांगत होती, आणि आवाज भरून आला होता. "एवढा डोंगर समोर उघडला, आणि हा म्हणे माझ्याकडेच बघत होता! अगं, सगळ्यांच्या नशिबी अशी पोरं नसतात. डोंगराचं काय घेऊन बसलीस?"

आरशातून ड्रायव्हरनं एकदा चिरंजीवांकडे बघितलं आणि नजर रस्त्याकडे नेली. चिरंजीवांनी मान खाली घातली.

"मान वर कर रे," आई फोन बाजूला धरून म्हणाली, आणि दुसरा हात तिनं त्यांच्या पाठीवरून फिरवला. "घाट आहे. खाली बघितलंस तर मळमळेल."