चौऱ्याण्णव नंबरचा शर्ट

एमिल ह्रुस्काच्या जिभेला हाड नव्हतं, पण मैदानाच्या डाव्या बाजूची प्रेक्षकांची तिसरी रांग त्या जिभेवरच जीव टाकून होती. मार्च लागला की ॲरिझोनाच्या उन्हात हेरॉन्स या बेसबॉल संघाचा सराव सुरू व्हायचा. ओहायोतल्या टायरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर म्हातारा बायकोला घेऊन इथं राहायला आला होता, तो त्यासाठीच. सामने सगळे लुटुपुटीचे. हरलं काय, जिंकलं काय, कुणी विचारत नाही. एमिलचं मत मात्र सगळे विचारत.

आणि मत तयारच असायचं. पहिल्या बेसवरचा गडी हिवाळाभर नुसता जेवलाय, त्याला आता क्रेननं उचलून ठेवावं लागेल. नवा पिचर एवढा महागाचा, की बिचाऱ्याला हातातला चेंडू सोडवत नाही. मॅनेजर विचार करायला बसला की त्याच्या बुटांवर गवत उगवतं. रांग हसायची. शेजारचा गस डोळे पुसत पुसत त्याच्या हातात बिअर द्यायचा. रांग मैदानाला खेटून, बोललेलं सगळं खेळाडूंच्या कानावर पडायचं. एमिलला तेच हवं असायचं.

त्याची बायको लोरेटा रविवारी चर्चमध्ये गाणारी, मऊ मनाची. ती म्हणायची, "एमिल, तीही कुणाची तरी पोरंच आहेत."

"म्हणून तर बोलतो," एमिल म्हणायचा. "घरचे खोटं बोलतात. कुणीतरी खरं सांगायला नको?"

स्वतःच्या घरी मात्र वेगळा न्याय होता. लेकीचा मुलगा नोलन याच संघाच्या मागच्या मैदानांवर, नवशिक्या पोरांत, दोन वर्षं घाम गाळत होता. बाप सोडून गेला तेव्हा पोरगं पाच वर्षांचं. त्याच्या हाती बॅट दिली ती एमिलनंच. चेंडू येण्याआधी बॅट डाव्या बुटाला लावायची, मग उजव्या, मग एक श्वास. मंत्रासारखं घोकून घेतलं होतं. दर संध्याकाळी फोनवर तो नातवाला सांगायचा, तू मोठ्या संघात पोचणार. यंदा जास्तीची पोरं घरी पाठवणार अशी कुजबुज होती, म्हणून जरा जास्तच ठासून सांगायचा. नोलन म्हणायचा, एक दिवस मोठ्या मैदानावर घेतलं ना, तर आधी तुमच्या खुर्चीकडे बघेन.

आता, या सराव सामन्यांच्या शेवटच्या दोन डावांत मोठे खेळाडू अंघोळीला जातात आणि मागच्या मैदानांवरून उसनी पोरं आणतात. त्यांच्या शर्टावर नाव नसतं, नुसता नव्वदच्या पुढचा आकडा. भोंग्यावर नावं पुकारणाऱ्या माणसालाही त्यांची नावं ठाऊक नसतात. एकच शर्ट आज याच्या अंगात, उद्या त्याच्या. हे एमिलला पुरतं माहीत होतं. पण आदल्या दिवशी चौऱ्याण्णव नंबरच्या पोरानं दोन सोपे झेल सांडले होते आणि एमिलनं त्याचं नाव चाळणी ठेवलं होतं. नाव इतकं रुचलं होतं, की आज तोच आकडा डाव्या मैदानात धावत आला तेव्हा सगळी रांग माना वळवून एमिलकडे बघू लागली.

ऊन डोळ्यांवर, त्यात मोतीबिंदू. एमिलला दिसला तो फक्त आकडा.

"आली रे चाळणी," तो ओरडला. "आज पीठ चाळायचं का कोंडा?"

पोरानं या बाजूला पाहिलं. टोपीकडे हात नेला, आणि तो हात तसाच अर्ध्यावर राहिला.

मग काय, रांगेला चेव आला. साधा जमिनीवरचा चेंडू पोरानं अडवला तर टाळ्या, हातातून निसटला तर त्याहून मोठ्या टाळ्या. एमिल एकेक सोडत होता. माणसाला टाळ्यांची चव लागली की पोट भरत नाही.

नवव्या डावात चौऱ्याण्णव फलंदाजीला आला. तीनपैकी दोन स्ट्राइक गेले. एमिल मस्करी जुळवत होता, तेवढ्यात पोरानं बॅट डाव्या बुटाला लावली. मग उजव्या. मग त्याचे खांदे वर झाले आणि खाली आले.

एमिलच्या हातातली बिअर मांडीवर सांडली. डोळ्यांनी दगा दिला तरी तो श्वास त्याच्या ओळखीचा होता.

रांग पुढच्या मस्करीसाठी थांबली होती. गसनं कोपरानं ढोसलं. "बोला की हो. अशी संधी परत यायची नाही."

गप्प बसायला काय लागतं? काहीच लागत नाही. पण पन्नास तोंडं त्याच्याकडे वळून उघडी राहिली होती, आणि वाक्य तर जिभेच्या टोकावर आलेलं.

"तुला बॅट धरायला ज्यानं शिकवलं ना," एमिल ओरडला, "तो कुठं तोंड लपवून बसला असेल!"

रांग हसून हसून कोसळली. गस तर खुर्चीवरून घसरला. पोरानं बॅट फिरवली ती चेंडू निघून गेल्यावर. तिसरा स्ट्राइक, बाद. तो मान खाली घालून चालत गेला. खुर्चीकडे बघितलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोन वाजला. लोरेटानं आवाज मोठा करून तो मीठदाणीशेजारी ठेवला. नोलन शांत होता. आज मोठ्या मैदानावर घेतलं, म्हणाला. नंतर चौघांना आत बोलावून संघातून काढलं, त्यात मी. उद्या सामान घेऊन येतो. लोरेटानं तोंडाला रुमाल लावला.

"आजी, आजोबा आले होते का आज?"

एमिलनं दोन्ही हात हलवून तिला खुणावलं, नाही म्हण. लोरेटानं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या विजारीवरच्या बिअरच्या डागाकडे.

"नाही रे," ती म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते."



"वाटलंच मला," नोलन म्हणाला. "ते असते, तर त्यांचा आवाज ओळखला असता मी. त्यांना सांग, बॅट बुटांना लावायला विसरलो नाही."

फोन बंद झाला. लोरेटानं आपलं ताट उचललं आणि ती आतल्या खोलीत जेवायला गेली.